दातात शिसं

शिसं दातात धरायचं.
चावायचं नाही, चोखायचं तर नाहीच.
दुसऱ्याच्या घरात कानावर पडलेलं बोलणं
जसं आपल्याजवळ धरून ठेवतात, तसं.
अर्धं जाळं डाव्या कोपरावर, घडीवर घडी,
उरलेला घेर उजव्या मुठीत,
मनगटाला दोरीचा फास.
मग कंबर फिरवायची. हात नाही, कंबर.
आबांनी शिकवलं ते एवढंच.

येलदरीच्या मागच्या पाण्यात
रात्री अकरानंतर आम्ही मांडीभर उभे.
टॉर्च एकदाच लावायचा, तिरपा, पापणी लवेपर्यंत.
गाळावर झिंग्यांचे डोळे,
विडीच्या टोकांसारखे लाल, जोडीजोडीनं,
अख्ख्या आळीनं एकदम झुरका मारल्यागत.
मग अंधार.
मग सातपर्यंत मोजायचं आणि फेकायचं.
सातच का, मी विचारलं होतं.
"माझा बाप सातच मोजायचा.
त्याला फुडचं येत नव्हतं."

जाळं गोल पडलं तर आमच्यात म्हणतात, भाकर पडली.
अर्धं मिटलं तर कानवला.
पहिलं वर्षभर माझे नुसते कानवले.
मुंजाजीमामा काठावरून ओरडायचा,
"आरं दिवाळी सरली की रं! आता भाकरी कर!"

जाळं पडताना शिशाचे मणी
सगळीकडून एकाच वेळी पाण्यात शिरतात,
सुपातली ज्वारी पाखडून
परत सुपात पडावी, तसा आवाज.
मग दोरी हळूहळू ओढायची.
घाई केली की खालून सगळं निसटतं,
पाण्यात बुडलेलं एखादं बाभळीचं खोड तेवढं येतं हाताला,
आणि ते येत नाही.

बारीक मासळी गळासाठी.
दावणीला दोनशे गळ, दर गळाला एक जीव,
पाठीच्या काट्याखालून ओवलेला,
असा, की उजाडेपर्यंत पोहत राहावा.
मरळ मेलेल्याला तोंड लावत नाही.
वामेला झिंगे चालतात, मेलेलेसुद्धा.
मी ओवताना त्यांच्याकडे बघत नाही.
आबा बघतात.

रोहू, कटला ठेकेदाराचे. त्याच्या वहीत
त्यांचं वजन, आमची मजुरी, मागची उचल.
झिंग्याला त्या वहीत रकाना नाही,
म्हणून गळाला लावून उरलेले झिंगे आईचे.
ती पत्र्यावर वाळवते, मांजरं हाकलते,
बाजारात चिपट्यानं मोजून विकते,
आणि त्या पैशाचं काय करते
ते आम्ही कुणी विचारलेलं नाही.

गेल्या पोळ्याच्या सुमाराला आबांचे
पुढचे दोन दात पडले. खालचा एक आधीच गेला होता.
खांदा शाबूत, कंबर शाबूत.
पण शिसं धरायला जागा राहिली नाही.
तेव्हापासून ते बादली धरतात,
आणि माझ्या प्रत्येक कानवल्याला
नाकातून श्वास सोडतात.

परवा मात्र त्यांनी बादली खाली ठेवली.
जाळं माझ्या कोपरावरून उतरवून आपल्या कोपरावर घेतलं,
घडीवर घडी.
काठाचं शिसं माझ्या तोंडापुढं धरलं.
"धर."
मी त्यांच्या खांद्याशी वाकलो.
कानाशी तंबाखूचा वास, ओल्या सुतळीचा वास.
"सोडू कधी?"
तोंडात शिसं, त्यामुळं ते नीट बोललंच गेलं नाही.
"कळंल."

टॉर्च. लाल डोळे. अंधार.
त्यांनी मोजलं. मी मनात मोजलं.
सातला त्यांची कंबर फिरली
आणि मी सोडलं ते आठाला.
दोऱ्यानं ओठ कापला. जाळं माझ्या मानेवरून गेलं,
हवेत कुठंतरी अडखळलं, आणि पडलं.

ना भाकर, ना कानवला.
मुंजाजीमामा बराच वेळ पाण्याकडं बघत राहिला.
मग म्हणाला, "धपाटा हाय."
आबा हसले. दात नसलेलं हसू
अंधारात नुसतं ऐकू येतं.

ओढलं तेव्हा मूठभर झिंगे,
एक खेकडा, कुणाच्या तरी चपलेचा अंगठा.
घरी येईपर्यंत बादलीत टिचटिच चालू होती.
ओठाला आईनं हळद लावली.
तोंडातली शिशाची चव मात्र
सकाळच्या चहानंही गेली नाही.